मोगरा वर, चंदन खाली

बाटलीचं बूच काढून थेट नाकाला लावणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी थांबवते. "बाटली नको, हात द्या," म्हणते आणि काचेच्या काडीचं टोक मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवते. लगेच हुंगू देत नाही. गिऱ्हाईक तोवर वाती बघतं, कापराचा भाव विचारतं, फोनवर बोलून घेतं. जरा वेळाने सांगते, आता बघा. बहुतेकांचा चेहरा तेव्हा बदलतो. कधी खुलतो, कधी पडतो.

संगमनेरच्या बाजारपेठेतलं आमचं पूजासाहित्याचं दुकान सासऱ्यांनी घातलं. बुक्का, अष्टगंध, धूप, उदबत्त्या, दिवाळीत उटणं, आणि गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात अत्तरं. अलीकडे खालच्या फळीवर सेंटच्या बाटल्याही आल्या, कारण कॉलेजची पोरं काडीने अत्तर लावून घ्यायला लाजतात. गल्ल्यावर बसून मी एकेका घरातल्या आजी, सून आणि नात अशा तिघींच्या पसंत्या पाहिल्यात. वयं वेगळी, मागणी एकच: "काकू, भरगच्च फुलाचं द्या, पण टिकणारं द्या."

पेच इथेच आहे. फूल टिकत नाही, टिकतं ते लाकूड. भरगच्च फुलांचा म्हणून आपण जो सुगंध नावाजतो, त्यात फुलाला कुणीतरी खालून धरून ठेवलेलं असतं. चंदनाने, देवदाराने, ऊदाने, नाहीतर प्रयोगशाळेत बनवलेल्या एखाद्या लाकूडगंधी द्रव्याने. तेव्हा अत्तर पारखायचं ते फूल उतरल्यावर खाली काय उरतं त्यावरून. त्याला चार-सहा तास द्यावे लागतात, आणि दुकानात उभ्या असलेल्या माणसाकडे नेमके तेच नसतात.

गेल्या दिवाळीत माझी पुतणी पुण्याहून आली. कुणीतरी तिला लाल बाटली भेट दिली होती. गेर्लां या पॅरिसच्या जुन्या घराण्याचं 'सामसारा'. हे घराणं १८२८ पासून सुगंध करतंय. 'सामसारा' त्यांनी १९८९ साली काढलं, जाँ-पॉल गेर्लां यांनी ते रचलं, नाव आपल्याच संसारावरून घेतलं. ही माहिती मला होती, बाटली मात्र पहिल्यांदाच हातात आली. पुतणीने गळ्याशी आणि दोन्ही मनगटांवर फवारलं होतं आणि तोंड कडू केलं होतं.

"काकू, डोक्यात जातंय हे. देऊन टाकू का कुणाला?"

"जेवणं होऊ देत. मग सांग."

मी माझ्या डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या घडीवर एकच फवारा मारून घेतला आणि करंज्या तळायला बसले.

पहिला झोत खरोखर अंगावर येतो. त्यात बर्गमॉट आहे, म्हणजे इटलीच्या दक्षिण टोकाला पिकणाऱ्या एका आंबट फळाच्या सालीचं तेल, लिंबू-संत्र्याच्या कुळातलं. सोबत इलँग-इलँग. नाव परकं, पण ते झाड आपल्या हिरव्या चाफ्याच्या गणगोतातलं, सीताफळाच्या कुळातलं. ज्यांच्या परसात हिरवा चाफा आहे त्यांना पिकल्या फळासारखा तो जाड, गोड वास लगेच ओळखू येईल. त्यावर पुन्हा अल्कोहोलची चुणचुण. हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात, एवढंच यातलं शास्त्र. सालीची तेलं काही मिनिटांत जातात, फुलांची द्रव्यं तास-दोन तास रेंगाळतात आणि चंदनातले रेणू इतके संथ की कागदावरचा थेंब दुसऱ्या दिवशीही बोलतो. बाटलीच्या तोंडाशी नाक नेणाऱ्याला फक्त सगळ्यात उतावळी मंडळी भेटतात.

तळण संपेपर्यंत आंबटपणा गेला होता आणि जाई आली होती. हिला युरोपातले जस्मिन म्हणतात. फ्रान्समधलं ग्रास हे गाव हिच्यासाठीच नावाजलेलं. आता जाईमोगऱ्याच्या जातीत एक गंमत असते. त्यांच्या गंधात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. एकटं हुंगलं तर डांबराच्या गोळ्यांची, अगदी घाणीचीही आठवण यावी असं. पण अतिशय विरळ असलं की त्यानेच फुलाला अंग येतं, ते जिवंत वाटतं. इंडोल काढून टाकलेली जाई साबणासारखी लागते. रात्रभर केसांत राहून सकाळी तपकिरी पडलेला गजरा हुंगला आहे का कधी? त्यातली ती किंचित ओशट, माणसाळलेली छटा असल्याच द्रव्यांची. 'डोक्यात जातं' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार मला वाटतं हिच्याबद्दलच असते. गजरा केसांत माळताना मात्र त्यांची काही तक्रार नसते.

रात्री भांडी आवरताना पुतणी स्वयंपाकघरात आली. मनगट पुढे करून म्हणाली, "हे वेगळंच झालंय. दुधासारखं."

ते चंदन. गंध आटून तिथवर आला होता. अस्सल भारतीय चंदनाला ही सायीची छटा असते. कोरडा, धारदार, पेन्सिल तासल्यासारखा वास आला तर ते बहुधा देवदार-सिडारचं काम. 'सामसारा' गाजलं ते याच चंदनाच्या मुबलक वापरासाठी, आणि तेव्हाही नैसर्गिक तेलाच्या जोडीला पॉलिसँटॉल हे माणसाने बनवलेलं द्रव्य त्यात होतंच. तेव्हापासून चंदन महागत गेलं, युरोपातले नियम कडक झाले, आणि जुन्या सुगंधांची घडण बदलत राहिली. पेटीवर प्रमाण लिहायची पद्धत या धंद्यात नाही. म्हणून नाव किंवा साल बघून भाळू नये, हातावरची बाटली पारखावी.

माझं मत सांगायचं तर मला ते आवडलं. जाई जरा जास्त सजलेली आहे, पण चंदन तिला बसवून ठेवतं. थंडीतल्या संध्याकाळच्या लग्नाला मी लावेन. वैशाखात आमच्या गावात ते लावून दुपारी बाहेर पडणाऱ्याला मात्र शेजारच्याने हात जोडावेत.

फूल वर आणि चंदन खाली ही रचना पॅरिसने शोधलेली नाही. आपलं जुन्या पद्धतीचं मोगऱ्याचं अत्तर घ्या. कनौजला ते करतात तेव्हा तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, खाली लाकडाची आच. देगेतून बांबूची नळी निघते, तिला चोंगा म्हणतात, वरून दोर गुंडाळलेला. नळीचं दुसरं टोक भपक्यात, म्हणजे पाण्याच्या हौदात गार बसवलेल्या तांब्याच्या सुरईत. आणि या भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होऊन तेलात उतरते, पाणी वेगळं काढतात, दुसऱ्या दिवशी नवी फुलं, पुन्हा तोच भपका. असं काही दिवस चाललं की चंदन मोगऱ्याने भिजतं. चंदन इथे पायाही आहे आणि फूल धरून ठेवणारं पात्रही. कनौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या देग-भपक्याच्या कामाला.

म्हणूनच आजेसासूबाईंच्या पेटीतली रिकामी अत्तरदाणी उघडली की मोगऱ्याचा पत्ता नसतो, चंदनाचा मात्र अजून असतो.

आता अडचणीचा भाग. शंभर रुपयांच्या कुपीत चंदन नसतं. असूच शकत नाही. भारतीय चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या पुढे आहे. चांगल्या तेलात सँटॉलॉल या द्रव्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास लागतं, आणि ते झाडाच्या गाभ्यातूनच येतं. पानाला वास नाही, फुलाला नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडालाही नाही. शिवाय हे झाड अर्धं परजीवी. शेजारच्या झाडाच्या मुळांत आपली मुळं घुसवून ते पोट भरतं, म्हणून त्याच्या जवळ तूर, करंज, कडुनिंब असं काहीतरी लावावं लागतं. गाभा धरायला आठ-दहा वर्षं, मनाजोगता व्हायला पंधरा-वीस.

आमच्या तालुक्यातले एक डाळिंबवाले बांधाने चंदन लावून बसलेत. दुकानात आले की हमखास विचारतात, "वहिनी, वास कधी सुटायचा वो?" मी म्हणते, "भाऊ, रोप लावलं तेव्हा पोरगा कितवीत होता? त्याच्या लग्नाला सुटंल." हसतात, पण मधूनमधून साल खरवडून बघतात हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांना एवढं आवर्जून सांगितलंय की सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि चोर गाभ्याची वाट तुमच्यापेक्षा जास्त आतुरतेने बघत असतात. पूर्वी तर मालकीचाच प्रश्न होता. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये म्हैसूर राज्यात चंदन राजवृक्ष ठरवलं, झाड कुणाच्याही शेतात असो, लाकूड सरकारचं. कर्नाटकात तो कायदा सैल झाला २००१ साली. इतकी वर्षं ज्या झाडाची मालकी आपली नाही ते शेतकरी कशाला जपेल? आज भारतीय चंदनाच्या मोठ्या बागा पश्चिम ऑस्ट्रेलियात उभ्या आहेत, हे ऐकून आमचे डाळिंबवाले बराच वेळ गप्प होते. तेही चंदनापुरी घाटाच्या पायथ्याच्या तालुक्यात राहून.

मग स्वस्त अत्तरात असतं काय? डायइथाइल थॅलेट नावाचं बिनवासाचं पातळ तेल, किंवा लिक्विड पॅराफिन, आणि त्यात कृत्रिम सुगंध. मी तीही विकते. लपवत नाही, अस्सलचा खण वेगळा, साध्याचा वेगळा. कृत्रिम म्हटलं की नाक मुरडायची मला गरज वाटत नाही. आजची कुठलीही मोठी विलायती बाटली कृत्रिम द्रव्यांवाचून उभी राहत नाही, आणि काही वास निसर्गातून काढताच येत नाहीत. चंदनाचं नाव सांगून पॅराफिनचे पैसे चंदनाइतके घेणं, माझा राग त्यावर आहे.

घरच्या घरी पडताळायचं तर कागदाची चाचणी निम्मं काम करते. पांढऱ्या कागदावर थेंब टाका आणि दोन-तीन दिवस ठेवा. पॅराफिनचा तेलकट डाग जन्मभर राहतो आणि वास मात्र कधीच उडालेला असतो. चंदन सावकाश आटतं आणि आटेपर्यंत वास देतं. जाणकार दुसरी चाचणी करतात: एक भाग चंदन तेल ७० टक्के अल्कोहोलच्या पाच भागांत स्वच्छ विरघळतं, पॅराफिन विरघळत नाही, दुधाळ होतं. पण ही पातळ अल्कोहोल आणा, मोजा, ही भानगड घरात कोण करणार. विश्वासू दुकानदार बरा.

या विषयावर आपल्याकडे जुनं लिखाण आहे आणि तेही मराठीत, हे मला फार उशिरा कळलं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात सुगंधशास्त्राच्या पोथ्यांवर लेखांमागून लेख लिहिले. गंगाधर नावाच्या लेखकाचा 'गन्धसार' आणि दुसरा 'गन्धवाद' असे दोन ग्रंथ त्यांनी उजेडात आणले. त्यातल्या 'गन्धवादा'वर चक्क मराठी टीका आहे, आणि गोडे यांनी तिचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरवला. म्हणजे पाच-सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी मराठी माणूस बसून सुगंध कसा करावा ते मराठीत समजावून सांगत होता, कारण ते वाचणारा, करणारा आणि बहुधा विकणारा कुणीतरी मराठीत होता. आमच्या धंद्याचा पूर्वज म्हणून मी त्या अनामिकाला मनातल्या मनात नमस्कार करते.

'गन्धसारा'त सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. भावन म्हणजे चूर्णाला सुगंधी रसाच्या पुटांवर पुटं देणं. आयुर्वेदवाले आजही 'भावना दिली' म्हणतात. धूपन म्हणजे धुरी. आणि वासन, फुलांच्या सहवासात ठेवून वास लावणं, हे यादीत शेवटी. लाकूड, मुळं, डिंक यांची बैठक आधी, फूल मागून. आमच्या दिवाळीच्या उटण्यातही हेच आहे. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, जटामांसी, चंदन यांचं चूर्ण तयार झालं की गुलाबाची पाकळी शेवटी. ज्यांना 'वुडी', 'अर्दी' हे सेंटच्या पेटीवरचे शब्द परके वाटतात त्यांनी उटण्याच्या पुडीतला नागरमोथा वेगळा हुंगून बघावा. ओल्या मातीतून काढलेल्या मुळासारखा जो वास येईल, तोच तो शब्द.

आणि वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत सोळा द्रव्यांच्या वेगवेगळ्या मेळांतून १,७४,७२० सुगंध होतात असा हिशेब मांडून ठेवलाय. यातले किती त्याने हुंगले असतील देव जाणे. ज्योतिषी माणूस, गणिताचाच आनंद जास्त.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त तर राजाने कोणत्या ऋतूत कोणती उटी लावावी याचं वर्णन आहे. ही ऋतूंची गोष्ट मला सगळ्यात पटते, कारण अत्तर वापरण्यातली निम्मी अक्कल हवामानात आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो. उष्णतेने सगळंच भराभर उडतं. जो गंध पौषात सहा तासांत उलगडायचा तो वैशाखात दीड तासात एकदम अंगावर येतो. फुलं आणि लाकूड एकमेकांच्या डोक्यावर बसतात. भरगच्च सुगंधाची बदनामी बहुधा उन्हाळ्यातच होते. त्या दिवसांत वाळा घ्यावा, गुलाबपाणी घ्यावं, फार तर केवड्याचा एक ठिपका. हिना, ऊद, जाई-चंदन यांना दिवाळीनंतर बाहेर काढावं.

किती लावावं यावर माझा ठाम हट्ट आहे: वाटतं त्याच्या निम्मं. नाकाला सवय होते. स्वयंपाकघरात फोडणी देणारीला फोडणीचा वास येत नाही, दारातून आत येणाऱ्याला येतो, तसंच. दहा-पंधरा मिनिटांनी स्वतःचा सेंट स्वतःला जाणवेनासा होतो, माणसाला वाटतं उडाला, तो पुन्हा फवारतो. लग्नाच्या मांडवात अशी दोन माणसं शेजारी बसली की मधल्याला पंगतीचा मठ्ठासुद्धा चंदनाचा लागतो. तेलातलं अत्तर असेल तर काडीचे दोन ठिपके पुष्कळ. अल्कोहोलातलं 'ओ द पर्फ्यूम' असेल, म्हणजे साधारण १५ ते २० टक्के सुगंधद्रव्य असलेलं, तर दोन फवारे. तिसरा मारायची इच्छा होईल तेव्हा बाटली कपाटात ठेवून कपाट बंद करावं.

कुठे लावावं? मनगट, कोपराची घडी, कानामागे, मानेला मागून. मनगटं एकमेकांवर चोळू नयेत. त्याने रेणू मोडतात वगैरे सांगतात ते काही खरं नाही, पण घर्षणाच्या उबेने वरचा हलका थर लवकर जातो आणि पहिला अंक बघायचा राहून जातो. गळ्याला लावून उन्हात जाऊ नये. बर्गमॉटच्या तेलात त्वचा काळवंडवणारं एक द्रव्य असतं, उन्हात त्याचा परिणाम होतो. चांगल्या कंपन्या ते काढून टाकतात, स्वस्त बाटलीची खात्री कोण देणार? येवल्याची पैठणी नेसायची असेल तर सुगंध आधी, तो पुरता वाळला की साडी. रेशमावर तेलाचा डाग पडला की गेला नाही म्हणून समजा, आणि हिन्याचा डाग तर गडद. मोत्यांची नथ, तन्मणी सगळ्यांत शेवटी. मोत्याला अल्कोहोल सोसत नाही, त्याची चकाकी मरते. पुरुषमंडळींनी जुनी रीत सोडली याचं मला वाईट वाटतं. कानाच्या वरच्या वळणात खोचलेला अत्तराचा फाया घामापासून दूर राहतो, कापूस तेल धरून ठेवतो, दिवसभर मंद वास. पूर्वी दरबार उठताना विडा आणि अत्तरगुलाब देत. आता मांडवाच्या दारात फवाऱ्याचं यंत्र ठेवतात, आणि त्यातलं गुलाबपाणी कसलं असतं ते मी, विकणारी असून, इथे लिहीत नाही.

पारखणाऱ्यांत माझं सगळ्यात चोखंदळ गिऱ्हाईक कोण असेल? विड्या वळणाऱ्या बायका. हे गाव विड्यांचं आणि तंबाखूचं. दिवसभर तेंदूची पानं आणि तंबाखू हाताळून त्यांच्या बोटांना तो वास कायमचा चिकटलेला असतो, आणि पान दमट आहे की सुकं, हे त्या न बघता वासावर सांगतात. उरुसाच्या संदलच्या आधी, लग्नसराईत त्या अत्तराला येतात. एकीने मला एकदा गुलाबाची कुपी परत केली. "ताई, ह्ये माझ्या हातावं पानातल्या गुलकंदावानी लागतंय." बरोबर होतं तिचं. तंबाखूवर नुसता गोड गुलाब पानाच्या टपरीसारखाच लागणार. तिला चंदनावर काढलेला मोगरा दिला आणि मनगटाऐवजी कोपरापाशी लावला. लाकूड आणि तंबाखू यांचं जुळतं; मोठमोठे सुगंधकार मुद्दाम तंबाखूचा गंध घालतात. तिने दोनदा हुंगलं, म्हणाली, "ह्यो बसला."

'बसला' हा आमच्या दुकानात सर्वोच्च शेरा.

दोघींना एकच अत्तर वेगळं भासलं तर भांडू नये. माणसाच्या नाकात गंध टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि सगळ्यांचे सारखे चालत नाहीत. गुलाबातही असणाऱ्या बीटा-आयोनोन नावाच्या द्रव्याचं उदाहरण आहे: न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की एका जनुकातल्या फरकामुळे काहींना ते फुलासारखं सुगंधी वाटतं आणि काहींना आंबट, उग्र. सासूला जे स्वर्गीय ते सुनेला व्हिनेगर, यात सुनेचा दोष नाही. मी हे सांगितल्यावर एका सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलून कापूर दाखवायला घेतला.

दुकानातली कॉफीच्या बियांची वाटीही मला पटत नाही. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये ठेवतात, नाक 'धुवायला'. २०११ मध्ये अमेरिकेत हे तपासलं गेलं, तेव्हा साध्या हवेपेक्षा कॉफीचा काही जास्त उपयोग दिसला नाही. दारात जाऊन दोन मोकळे श्वास घ्या, किंवा स्वतःची बाही हुंगा. आणि एका वेळी दोन-तीन गंधांच्या पुढे जाऊ नका, एकेका हातावर एक. त्यापुढे नाक बरं-वाईट सांगत नाही, फक्त दमल्याचं सांगतं.

बाटली ठेवायची ती बंद कपाटात, उजेड आणि उष्णतेपासून दूर. न्हाणीघरातल्या फळीवर, खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला सेंट वर्षात आंबतो. आधी वरची फळांची-फुलांची द्रव्यं बिघडतात. चंदनाचं अस्सल अत्तर मात्र घट्ट बुचाच्या काचेच्या कुपीत वर्षं गेली तरी मुरतच जातं. प्लॅस्टिकच्या डबीत ओतू नका.

विकत घेताना पाचशे रुपये जवळ असतील तर साधं, नाव न सांगणारं मोगऱ्याचं अत्तर घ्या आणि ते साधं आहे हे जाणून मजेत लावा. दोन हजार असतील तर अस्सल चंदनावरचं थोडं घ्या. ही अत्तरं तोळ्याने विकतात, तोळा म्हणजे साधारण १२ मिली. तुम्हाला पाव तोळासुद्धा वर्षभर पुरेल. आणि दहा-बारा हजारांच्या विलायती बाटलीवर जीव जडला असेल तर दुकानात जा, कोपराच्या घडीवर एक फवारा मारून घ्या आणि तसेच घरी या. स्वयंपाक करा, जेवा, झोपताना पुन्हा हुंगा. काउंटरवरची मुलगी आग्रह करील, आजच्यापुरतीच सूट आहे म्हणेल. तिला सांगा, उद्या येते.